रेघेवरची खोली

गल्लीत त्यांना नावाने हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. सासूबाई त्यांच्याकडे राहायला आल्या आणि पहिल्याच आठवड्यात गॅलरीतून "जावईबापू, छत्री विसरलात" असं ओरडल्या, तेव्हापासून दूधवाल्यापासून समोरच्या दातांच्या डॉक्टरांपर्यंत सगळे त्यांना जावईबापूच म्हणू लागले. विमा कंपनीत दावे तपासणाऱ्या विभागाचा प्रमुख, पन्नाशी ओलांडलेला, चष्म्याला सोनेरी काड्या असलेला माणूस अख्ख्या गल्लीचा जावई व्हावा, हे त्यांना मनापासून रुचलेलं नव्हतं. पण जावयाच्या मानातला चतकोर तरी वाट्याला येईल, या आशेवर ते गप्प राहिले. तो काही आला नाही. दूधवाला दूध पातळच घालत राहिला.

तर या जावईबापूंनी एके दिवशी जेवताना जाहीर केलं, की आपण मागच्या अंगणात एक खोली बांधणार आहोत.

कारण होतं सासूबाईंचे गुडघे. सासूबाई म्हणजे मोठ्या रुग्णालयातून निवृत्त झालेल्या मेट्रन. आवाज अजून खणखणीत, पण गुडघ्यांनी संप पुकारलेला. घर तसं लहान. खाली पुढची बैठकीची खोली आणि स्वयंपाकघर, वर दोन खोल्या. त्यातली एक सासूबाईंची. डॉक्टरांनी जिना बंद करायला सांगितला, म्हणजे सासूबाई एकतर कायम वर नाहीतर कायम खाली. स्वयंपाकघराच्या मागे अंगणाचा तुकडा होता, तिथे एक खोली आणि लागून न्हाणीघर काढलं की झालं, असा जावईबापूंचा हिशेब.

"तुम्ही बांधणार?" बायकोने एवढंच विचारलं. त्या "तुम्ही"वर तिने जो भार दिला, त्याला पार्श्वभूमी होती. जावईबापूंनी एकदा आरशासाठी भिंतीत खिळा ठोकला होता, तेव्हा आरसा आपल्या घरात आणि खिळ्याचं टोक शेजाऱ्यांच्या घरात, अशी वाटणी झाली होती.

खोलीची बातमी गल्लीत पसरायला वेळ लागला नाही आणि सल्ले येऊ लागले. सल्ला ही एकच वस्तू अशी, की जी माणूस स्वतः न वापरता दुसऱ्याला नवीकोरी देऊ शकतो. कोपऱ्यावरच्या स्टेशनरीवाल्याने सांगितलं, खोली म्हणू नका, पडवी म्हणा. पडवीला कोण विचारतो. पडवीला दार कसं, असं कुणी विचारलं तर म्हणावं, वारा येतो. मिस्त्री येऊन गेला. त्याने जुन्या भिंतीवर बोटाने टकटक केलं, दुखवट्याला आल्यासारखा चेहरा केला आणि हे कुणी बांधलं म्हणून विचारलं. परवानगीचा विषय काढल्यावर मात्र तो खुदकन हसला. आपण अर्धं गाव उभं केलं, पण परवानगी नावाची वीट कुठल्या भिंतीत बसवल्याचं आठवत नाही, असं त्याचं म्हणणं.

पण जावईबापू ठाम राहिले. ज्याने सारी हयात लोकांना "अट वाचली नव्हती का?" असं विचारण्यात घालवली, त्याने स्वतः विनापरवाना वीट रचायची म्हणजे काय? आर्किटेक्टबाईंकडून नकाशा काढून घेऊन, रजा टाकून, ते नगररचना कार्यालयात दाखल झाले.

हे कार्यालय म्हणजे नकाशांची धर्मशाळा होती. कपाटांवर, टेबलांखाली, खुर्च्यांवर गुंडाळलेले नकाशे. माणसांनी उरलेल्या जागेत बसावं. पंखा सुरू केला की कागद उडत आणि बंद केला की कर्मचारी. तिथले नगररचनाकार साहेब मात्र भला माणूस निघाला. कुणीतरी आपणहून नकाशा बघायला आलंय, याचाच त्यांना इतका आनंद झाला, की त्यांनी अर्ज बाजूला ठेवला आणि टेबलभर शहराचा विकास आराखडा पसरला.

पिवळं म्हणजे राहती घरं, निळं म्हणजे दुकानं, जांभळं म्हणजे कारखाने, हिरवं म्हणजे बागा. कुठल्या जमिनीवर काय व्हावं हे आधी ठरवायचं, नाहीतर कुणी दवाखान्याला चिकटून भोंगा लावेल. साहेब लहान मुलाला गोष्ट सांगावी तसे सांगत होते. आधी मोजणी करायची, मग मसुदा करायचा, तो लोकांपुढे ठेवायचा, लोकांनी हरकती घ्यायच्या, सूचना करायच्या, समितीने त्या ऐकायच्या, मग वर पाठवायचं, वरून मंजुरी यायची.

"आणि मग?" जावईबापूंनी विचारलं.

"मग पुढचा आराखडा करायची वेळ होते," साहेब समाधानाने म्हणाले.

एवढं झाल्यावर साहेबांनी भिंग काढलं आणि जावईबापूंचं घर शोधलं. घर पिवळ्यात होतं. घरामागचं मोकळं मैदान हिरव्यात होतं. तिथे बगीच्याचं आरक्षण आहे, हे जावईबापूंना त्या दिवशी कळलं. मैदान म्हणजे गल्लीचं परसदारच. कुणी कपडे वाळवी, कुणी गाडी शिके, दातांचे डॉक्टर सकाळी हात हलवत फेऱ्या मारीत.

"खोली कुठे म्हणालात?" साहेब म्हणाले.

जावईबापूंनी बोट ठेवलं.

"तिथे तर रेघ आहे."

"हो, पण रेघेच्या अलीकडे पिवळं आहे ना?"

"अलीकडे पिवळं, पलीकडे हिरवं. तुमची खोली रेघेत आहे."

जावईबापूंना वाटलं साहेब थट्टा करताहेत. पण साहेबांनी फूटपट्टी लावून दाखवलं. शहर एवढं मोठं आणि कागद एवढासा. त्यामुळे नकाशावर पेनाची जी एक रेघ, ती जमिनीवर उतरवली की चांगली खोलीएवढी रुंद. आणि सासूबाईंची खोली, न्हाणीघरासकट, बरोबर त्या रुंदीत झोपली होती.

"मग रेघेत कुठला नियम लागतो?" जावईबापूंनी विचारलं. "ती पिवळी धरायची की हिरवी?"

"रेघ काळी आहे."

"काळं म्हणजे काय?"

"काळं म्हणजे रेघ."

साहेबांनी शेजारच्या टेबलावरच्यांना बोलावून घेतलं. इतक्या वर्षांच्या नोकरीत नेमक्या रेघेत बसलेला अर्जदार त्यांनी पाहिला नव्हता. चारचौघं भिंग फिरवून बघून गेली. जावईबापूंना आपण अजबखान्यात ठेवलेल्या दोन डोक्यांच्या वासरासारखे आहोत असं वाटू लागलं. शेवटी साहेबांनीच तोड काढली. आराखड्यात किरकोळ फेरबदल करायचा, म्हणजे रेघ तिच्या जाडीइतकी पलीकडे सरकवायची. रीतसर जाहीर सूचना काढायची, हरकती मागवायच्या, सुनावणी घ्यायची, की संपलं.

"आणि याला हरकत कोण घेणार आहे?" साहेब हसून म्हणाले.

काही दिवसांनी वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर ती सूचना छापून आली. मंजूर आराखड्यात बगीचा या प्रयोजनासाठी आरक्षित क्षेत्राच्या दक्षिण हद्दीत फेरबदल करून काही क्षेत्र रहिवास विभागात समाविष्ट करण्याचे योजिले आहे, असं तीत म्हटलं होतं. अर्जदाराचं नाव नव्हतं, किती क्षेत्र तेही नव्हतं. फक्त जमिनीचा क्रमांक. सकाळी स्टेशनरीवाल्याच्या दुकानात ती वाचली गेली तेव्हा मैदानावर एक इमारत येणार होती. दुपारपर्यंत तिला मजले चढले. संध्याकाळी तळघरात वाहनतळही झाला. आपल्या मागे बाग आहे हे गल्लीला आजवर माहीत नव्हतं, पण ती जाणार म्हटल्याबरोबर सगळ्यांना तिचा लळा लागला. जिथे रोपटंही नव्हतं, त्या बागेच्या सावलीच्या आठवणी लोक सांगू लागले.

नेमकी त्याच आठवड्यात जावईबापूंची दाढ दुखायला लागली.

दातांचे डॉक्टर तसे जिवाला जीव देणारे. पण समोरच्याच्या तोंडात हत्यार घालून बोलायची जन्माची सवय, त्यामुळे उत्तराची वाट बघणं त्यांच्या गावीच नव्हतं. जावईबापूंच्या तोंडात कापूस, आरसा आणि एक सोंडेसारखी नळी बसवून झाल्यावर त्यांनी सांगायला सुरुवात केली. आपण बगीचा बचाव समिती काढतोय. कुणीतरी नीच माणसाने आपली बाग गिळायचा घाट घातलाय. त्याला कायद्याच्या भाषेत उत्तर द्यायला हवं, आणि गल्लीत ती भाषा येणारा एकच माणूस आहे. समितीचं अध्यक्षपद तुम्हीच घ्यायचं.

"आं आं," जावईबापू म्हणाले. त्यांना "नको" म्हणायचं होतं.

"मला माहीत होतं तुम्ही नाही म्हणणार नाही," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी यंत्र सुरू केलं.

तोंड मोकळं होईपर्यंत बाहेर बसलेल्या रुग्णांनाही ही बातमी कळली होती. त्यांनी टाळ्या वाजवल्या. अर्धा गाल बधिर झालेल्या माणसाने टाळ्यांच्या गजरात "तो नीच माणूस मीच" हे कसं सांगावं? जावईबापूंनी ठरवलं, उद्या सांगू. उद्या, बायको बाजारात गेलेली असताना, समितीची बैठक त्यांच्याच घरी झाली आणि चहाही त्यांच्याच घरचा. एकेक जण त्यांचा हात हातात घेऊन बोलत होता. दूधवाल्याने दुसऱ्या दिवसापासून दूध घट्ट घालायला सुरुवात केली. आता सांगणं आणखी अवघड झालं.

त्यांनी मनाशी एक मार्ग काढला. हरकतीचा मसुदा आपणच लिहायचा आहे ना, मग तो इतका लेचापेचा लिहू, की सुनावणीची समिती एका फुंकरीत उडवून लावेल. त्याप्रमाणे ते कागद घेऊन बसले आणि एक पोचट परिच्छेद लिहिलाही. पण तो वाचताना त्यांना त्यात एक भोक दिसलं. मग चैन पडेना. दाव्यांतली भोकं शोधण्यात आणि बुजवण्यात केस पांढरे झालेले. वाईट मसुदा त्यांच्या हातून उतरेचना. त्यांनी ते भोक बुजवलं, मग शेजारचं बुजवलं. पुढे आधार दिले, पोटकलमं केली. शेवटी केवळ मसुदा पुरा दिसावा म्हणून एक मुद्दा जोडला, की सदरहू बगीचा इतकी वर्षं कागदावरच असून तो तात्काळ प्रत्यक्षात आणणे नगरपालिकेवर बंधनकारक आहे. लिहून झाल्यावर ते खुर्चीत मागे रेलले. असं निर्दोष काम हातून क्वचितच झालं होतं.

सह्या गोळा करायला निघालेली मंडळी सगळ्या घरांबरोबर याही घरी आली. दारात बायको होती. तिने पहिला परिच्छेद वाचला आणि आत येऊन नवऱ्यापुढे उभी राहिली.

"हे तुम्ही लिहिलंय."

"कशावरून?"

"एका वाक्यात तीन वेळा 'सदरहू' जगात दुसरं कोण लिहितं? आपल्याच खोलीविरुद्ध?"

"त्यात 'आपली' असं कुठेही म्हटलेलं नाही," जावईबापू म्हणाले.

बायको स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसली आणि डोळ्यांना पाणी येईस्तोवर हसली. मग रागावली. मग बाहेर जाऊन तिने हरकतीवर सही केली. का केलीस, असं जावईबापूंनी केविलवाण्या आवाजात विचारलं, तर म्हणाली, "वाचून पटलं."

जावईबापू तडक साहेबांकडे गेले आणि अर्ज मागे घेतो म्हणाले. साहेबांना वाईट वाटलं. एकदा सूचना निघाली, की गाडं पुढेच जाणार. अर्ज मागे घ्यायचा तर तेही सुनावणीतच. शिवाय साहेब जरा चिंतेत होते. कुणीतरी महाभयंकर हुशार माणूस हरकत लिहितोय असं त्यांच्या कानावर आलं होतं. "कायद्याचा किडा दिसतो," ते म्हणाले. "तुम्ही सांभाळून राहा." जावईबापूंना सुखही झालं आणि घामही फुटला.

सुनावणीला गल्ली लोटली. सासूबाईंनीही यायचा हट्ट धरला, कारण त्यांना घराबाहेर पडून किती दिवस झाले होते. जिना उतरवून, गाडीत बसवून, पुढच्या रांगेतली खुर्ची पकडून त्या ऐटीत बसल्या. समोर टेबलामागे सुनावणी समितीच्या अध्यक्षबाई, एका बाजूला उद्यान विभागाचे अधिकारी आणि दुसऱ्या बाजूला आपले साहेब.

"अर्जदार कोण?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

गल्लीने मान वळवून दाराकडे पाहिलं. कुणी जाड, अंगठ्या घातलेला इमारतवाला उठेल अशी सगळ्यांची खात्री होती. दातांच्या डॉक्टरांशेजारून जावईबापू उठले. लोकांना वाटलं, ते खिडकी लावायला उठले असतील.

"बसा. आता हरकतदारांचे प्रतिनिधी कोण?"

जावईबापूंनी आशेने इकडेतिकडे पाहिलं. सगळी गल्ली त्यांच्याकडेच बघत होती. ते पुन्हा उठले.

"तुम्ही आताच उठला होतात," अध्यक्षबाई म्हणाल्या.

"हो."

"अर्जदार म्हणून."

"हो. मी दोन्ही आहे."

दातांच्या डॉक्टरांचं तोंड उघडं राहिलं, आणि आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच त्यांना समोरून काही उत्तर ऐकावं लागत होतं. साहेबांनी डोळ्यांवरचा चष्मा काढून ठेवला. विश्वासघात जवळून बघायची त्यांना इच्छा नसावी.

जावईबापू अर्ज मागे घेतो म्हणेपर्यंत अध्यक्षबाईंनी त्यांना अर्जाची बाजू मांडायला सांगितली. ती दोन वाक्यांत संपली. माझ्या सासूबाईंचे गुडघे दुखतात. त्यांना खाली एक खोली हवी, एवढंच. जावईबापूंचा आवाज इतका बारीक झाला होता, की मागच्यांनी पुढच्यांना विचारून घेतलं. मग त्यांना हरकत वाचायला सांगितली.

इथे शहाण्या माणसाने पाणी मागून वेळ काढला असता. जावईबापूंनी वाचायला सुरुवात केली. पहिला मुद्दा मान खाली घालून वाचला. दुसऱ्याला मान वर आली. तिसऱ्याला त्यांचा हात आपसूक उठला आणि अर्जदार हा जणू त्या खोलीत नसलेला कुणी उपटसुंभ असल्यासारखे ते त्याच्यावर तुटून पडले. आज एक रेघ सरकली, तर उद्या प्रत्येक रेघेला पाय फुटतील, असं म्हणून त्यांनी टेबलावर मूठ आपटली. भान हरपून गल्लीने टाळ्या वाजवल्या. सगळ्यांत आधी सासूबाईंनी.

टाळ्या थांबल्या आणि मग काय झालंय ते लोकांच्या ध्यानात आलं. दातांचे डॉक्टर उठले. हा फेरबदल सासूबाईंच्या खोलीसाठी आहे हे आम्हाला आधी कळलं असतं तर आम्ही स्वतः विटा वाहिल्या असत्या, असं म्हणून त्यांनी समितीच्या वतीने हरकत मागे घेतली. स्टेशनरीवाल्याने अनुमोदन दिलं.

अध्यक्षबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "हरकत मागे घेता, ठीक आहे," त्या म्हणाल्या. "पण यातला कुठला मुद्दा खोटा आहे, ते सांगा."

कुणालाच सांगता येईना. जावईबापूंना तर मुळीच नाही. अशी मुद्देसूद हरकत आपल्यापुढे आजवर आली नव्हती, ती डावलता येणार नाही, असा अध्यक्षबाईंनी निकाल दिला. अर्ज फेटाळला. शिवाय शेवटच्या मुद्द्यानुसार उद्यान विभागाने त्या मैदानावर बाग करण्याचं काम लगेच हाती घ्यावं, असाही आदेश दिला. उद्यान विभागाच्या अधिकाऱ्यांनी जावईबापूंकडे बघून दातओठ खाल्ले.

मंडळी घरी परतली. सासूबाईंना जिना चढवायचं त्राण कुणातच नव्हतं, म्हणून सगळे स्वयंपाकघरातच बसले. बायकोने चहा टाकला. दातांचे डॉक्टर मागच्या दाराने येऊन, माफी मागून, दाढेवरची टोपी फुकट बसवून देतो असं सांगून गेले. जावईबापू कपाकडे बघत होते. एवढी वर्षं लोकांचे दावे नाकारण्यात गेली, आणि घरचा एक दावा मंजूर करून घ्यायची वेळ आली, तेव्हा तोही आपणच नाकारला.

"सासूबाई," ते म्हणाले, "मला तुमच्यासाठी एक खोली बांधता आली नाही."

"बरं झालं," सासूबाई म्हणाल्या.

जावईबापूंनी वर पाहिलं.

"मला ती मागची खोली नकोच होती. तुम्ही एवढ्या जिवाने धावत होतात, म्हणून बोलले नाही. पण मागच्या दारी, न्हाणीघराला चिकटून, एकटीने भिंतीकडे बघत बसायचं? मी जन्म वॉर्डात काढला. माणसं येता-जाताना दिसली नाहीत, तर मला दिवस सरता सरत नाही." त्यांनी कप खाली ठेवला. "सगळ्या गावाच्या हरकती मागवल्यात. घरात मी वर बसले होते, मला तेवढं कुणी विचारलं नाही."

जावईबापूंना आपल्याकडून नेमकं कुठे काय राहून गेलं, ते इतक्या उशिरा आणि इतकं स्वच्छ दिसलं, की त्यांना बचावाचा एकही मुद्दा सुचेना.

"मग आता विचारतो," ते म्हणाले. "तुमचं काय म्हणणं आहे?"

"पुढची खोली. खिडकीशी पलंग."

पुढच्या खोलीत जावईबापूंची आरामखुर्ची होती. त्यांचं वर्तमानपत्र, त्यांचा सोफा, कंपनीने दिलेली ढाल आणि पाहुण्यांसमोर पाय पसरून बसायचा त्यांचा हक्क, सगळं तिथेच होतं. त्यांनी बायकोकडे पाहिलं. बायको छताकडे बघत होती.

"ठीक आहे," जावईबापू म्हणाले. आणि आपण मनापासून म्हणालो, हे त्यांचं त्यांनाच कळून नवल वाटलं.

रविवारी बगीचा बचाव समितीने सामान हलवलं. समितीला आता दुसरं काम नव्हतं. पलंग खाली आला, सोफा वर गेला, आणि भिंतीला दोनच ठिकाणी खरचटलं. सोमवारी जावईबापू कचेरीतून परत आले, तर पुढच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. खिडकीतून येणाऱ्याजाणाऱ्याला सासूबाई आत बोलावत होत्या आणि येणारे बसून राहत होते. डॉक्टर होते, स्टेशनरीवाला होता, गल्लीतल्या बायका होत्या. नगररचनाकार साहेबही राग विसरून निकालाची प्रत द्यायला आले होते आणि बागेचा नकाशा पलंगावर पसरून बसले होते. कुठली झाडं लावायची यावर सगळे एकदम बोलत होते.

जावईबापू पिशवी घेऊन दारातच उभे राहिले. सासूबाईंनी पाय आखडून घेतले आणि पलंगाच्या टोकाशी जागा केली. ते तिथे अंग चोरून बसले.

"थांबा जरा," सासूबाई मेट्रनच्या आवाजात म्हणाल्या, आणि दातांच्या डॉक्टरांचंही बोलणं अर्ध्यावर तुटलं. "यांना काय वाटतं, ते ऐकू द्या."

जावईबापूंना खरं म्हणजे काहीच म्हणायचं नव्हतं. पण खोलीभर माणसं गप्प होऊन त्यांच्याकडे बघत होती. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा नीट चढवला, आणि आधी सावलीची झाडं लावावीत, फुलांचं मागाहून बघू, असं अगदी सावकाश सांगितलं.